घरच्या कॉम्प्युटरसाठी वेबकॅम घेताना काय बघायचं?

नोकरीच्या इंटरव्ह्यूची पहिली फेरी आता बऱ्याचदा ऑनलाइन होते. आमच्या टीमसाठी इंटरव्ह्यू घेताना मी बघतो, उमेदवार हुशार असतो, पण चेहरा अंधारात आणि चित्र धूसर. मग पहिली पाच मिनिटं "सर, दिसतोय का मी?" यातच जातात. म्हणून वेबकॅम घेण्याआधी हे मुद्दे बघून घ्या.

१. आधी फोन वापरून बघा
अँड्रॉइड १४ किंवा त्यापुढचं व्हर्जन असलेल्या काही फोनमध्ये यूएसबी केबल जोडली की 'वेबकॅम' हा पर्याय मिळतो. एखाद्या इंटरव्ह्यूपुरतं तेवढं बास. रोज तास-दोन तास कॉल असतील तर मात्र फोन तापतो आणि अडकूनही पडतो. तेव्हा वेगळा वेबकॅम घ्या.

२. मेगापिक्सेलला भुलू नका
७२०पी म्हणजे १२८० × ७२०, साधारण ०.९ मेगापिक्सेल. १०८०पी म्हणजे साधारण २.१. स्वस्त वेबकॅमच्या बॉक्सवर '२० मेगापिक्सेल' दिसलं, तर तो आकडा बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. व्हिडिओचं रिझोल्यूशन आणि एफपीएस वाचा. १०८०पी आणि ३० एफपीएस पुरेसं आहे. कॉलमध्ये ॲप व्हिडिओ कॉम्प्रेस करतं, त्यामुळे ४केचे जादा पैसे सहसा वाया जातात.

३. फोकस
नुसतं बोलायचं असेल तर फिक्स्ड फोकस चालतो. वहीतलं गणित कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचं असेल तर ऑटोफोकस हवाच.

४. यूव्हीसी
यूव्हीसी सपोर्ट असलेला वेबकॅम विंडोज, मॅक, लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतो. जुन्या पीसीसाठी हे नक्की तपासा.

५. शटर
लेन्सवर सरकवायचं झाकण असलेलं मॉडेल बघा. नसेल तर कॉल संपल्यावर केबल काढून ठेवा.

६. उजेड
कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो, म्हणून चित्र अडखळतं आणि दाणेदार दिसतं. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. रात्री टेबल लॅम्प समोरच्या भिंतीकडे वळवा, उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो.

माझा सल्ला: बजेट कमी असेल तर साधा १०८०पी वेबकॅम घ्या, आवाजासाठी इअरफोनचा माइक वापरा आणि उरलेले पैसे चांगल्या दिव्यावर घाला. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी, त्याच वेळेला मित्राला कॉल लावून एकदा तपासून घ्या.