केशवराव भोसले नाट्यगृह, कोल्हापूर

खासबाग कुस्ती मैदानाला पाठ लावून उभे असलेले संस्थानकालीन नाट्यगृह. मूळ नाव पॅलेस थिएटर. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी रोमही पाहिले. खासबागेत आखाडा आणि रंगभूमी शेजारी-शेजारी आली, ती त्यानंतर. नाट्यगृहाचे काम १९१३ मध्ये सुरू होऊन १९१५ मध्ये पुरे झाले.

बाहेरून इमारत दगडी दिसते. पण नाटक जिथे घडायचे आणि जिथून पाहिले जायचे तो आतला भाग मुख्यतः लाकडाचा होता. रंगमंच, सज्जा, छताचे काम सगळीकडे लाकूड. प्रेक्षागृहाच्या मधोमध खांब नव्हते, त्यामुळे कोणाच्याही नजरेला आडकाठी येत नसे. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात गायक नटाची सारी भिस्त गळ्यावर आणि वास्तूवर असे. दगड, काच आवाज परतवतात आणि मोठ्या दालनात तो घुमत राहतो. लाकूड त्यातला काही भाग शोषते. फळ्यांची जमीन पावलालाही सोसते. संगीत नाटकाला असेच घर हवे होते.

केशवराव भोसले (१८९०–१९२१) हे कोल्हापूरचेच. त्यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये ते बालगंधर्वांसोबत उभे राहिले आणि त्याच वर्षी वारले. नाट्यगृहाला त्यांचे नाव १९५७ मध्ये मिळाले. मधल्या काळात इथे चित्रपटही दाखवले गेले, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आग लागली. रंगमंच, पडदे, खुर्च्या जळाल्या, छत कोसळले. दगडी भिंती राहिल्या. कलावंतांची आणि शहराची पहिली मागणी होती ती नाट्यगृह पूर्वी होते तसेच बांधण्याची. राज्य शासनाने निधी जाहीर केला. मात्र आजचे अग्निसुरक्षेचे नियम पाळून जुन्या लाकडी घडणीचा आवाज परत आणणे हे नुसत्या निधीने होणारे काम नव्हे. त्याला ध्वनितज्ज्ञ आणि जुने सुतारकाम जाणणारे हात दोन्ही लागतात. कोल्हापुरात असे हात अगदीच नाहीत असे नाही: अंबाबाईच्या देवळातील लाकडी गरुड मंडपाचे खांब कमकुवत झाल्यामुळे तोही याच सुमारास उतरवून सागवानात नव्याने उभारण्याचे काम हाती घ्यावे लागले.