द ॲनिमल्स : न्यूकॅसलचा रिदम अँड ब्लूज बँड

द ॲनिमल्स हा १९६०च्या दशकात गाजलेला ब्रिटिश रिदम अँड ब्लूज बँड. बीटल्सच्या पाठोपाठ अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या ब्रिटिश बँडमध्ये त्याची गणना होते. मूळ पाच जण एकत्र राहिले जेमतेम दोन वर्षे. पण पैसा आणि नाव यांवरून सुरू झालेले वाद पुढे अनेक दशके चालले.

रिदम अँड ब्लूज म्हणजे काय?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलाकारांनी घडवलेली, ब्लूजला जोरकस ताल देणारी ही शैली. १९५०च्या दशकात अमेरिकेतून येणाऱ्या रेकॉर्ड ऐकून ब्रिटनमधील तरुण ती शिकले.

स्थापना

इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल हे कोळसा आणि जहाजबांधणीसाठी ओळखले जाणारे कामगारांचे शहर. तेथे ॲलन प्राइस (ऑर्गन) याच्या बँडमध्ये गायक एरिक बर्डन आला आणि १९६३च्या सुमारास ॲनिमल्स आकाराला आला. हिल्टन व्हॅलेंटाइन (गिटार), चॅस चँडलर (बेस गिटार) आणि जॉन स्टील (ड्रम) हे इतर तिघे. शहरातील ‘क्लब अ गोगो’मध्ये जम बसल्यावर १९६४मध्ये बँड लंडनला गेला. मायकल जेफरी हा व्यवस्थापक, तर मिकी मोस्ट हा निर्माता होता.

एक गाणे, एकच नाव

‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे जुने अमेरिकन लोकगीत. बॉब डिलनने ते १९६२च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये गायले होते. ॲनिमल्सने ते चक बेरीबरोबरच्या दौऱ्यात मंचावर सादर केले आणि मे १९६४मध्ये लंडनच्या स्टुडिओत एकाच प्रयत्नात ध्वनिमुद्रित केले. त्या काळी रेडिओवरची गाणी साधारण तीन मिनिटांची असत. हे चार मिनिटांहून मोठे होते. तरीही ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

लोकगीताला ज्ञात कवी नसतो. त्यामुळे एरवी गीतकार-संगीतकाराला मिळणारी रॉयल्टी अशा वेळी संयोजकाच्या नावे जमा होते. रेकॉर्डवर संयोजक म्हणून एकट्या प्राइसचे नाव छापले गेले. पाच नावे मावणार नाहीत, असे कारण तेव्हा देण्यात आल्याचे इतर सदस्यांनी पुढे सांगितले. सुरुवातीचे गिटारवादन व्हॅलेंटाइनचे, आवाज बर्डनचा. रॉयल्टी मात्र प्राइसला. ही सल कायम राहिली.

फूट

प्राइस १९६५मध्ये बाहेर पडला. विमानप्रवासाची भीती हे त्याचे एक कारण सांगितले जाते. त्याच वर्षी आलेले ‘वी गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस’ हे गाणे व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी आपलेसे केले. १९६६मध्ये मूळ बँड विस्कटला. बर्डनने नवे वादक घेऊन ‘एरिक बर्डन अँड द ॲनिमल्स’ या नावाने १९६८पर्यंत काम केले.

चँडलर व्यवस्थापनाकडे वळला. न्यूयॉर्कमध्ये त्याने जिमी हेंड्रिक्स या फारशा परिचित नसलेल्या गिटारवादकाला ऐकले आणि सप्टेंबर १९६६मध्ये त्याला लंडनला आणले. रॉक संगीताच्या इतिहासाला या निर्णयाने वेगळे वळण मिळाले.

नाव कोणाचे?

१९८३मध्ये पाचही जण ‘आर्क’ या अल्बमसाठी पुन्हा एकत्र आले. १९९४मध्ये बँडला अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. चँडलर १९९६मध्ये, तर व्हॅलेंटाइन २०२१मध्ये निवर्तला.

दरम्यान, स्टीलने ब्रिटनमध्ये बँडच्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. बर्डनने त्याला हरकत घेतली. २००८मध्ये निकाल स्टीलच्या बाजूने लागला. २०१३मध्ये अपिलात बर्डन जिंकला. गाण्यावर एकाच सदस्याचे नाव लागल्याने दुखावलेले सहकारी अखेरीस बँडच्या नावासाठी एकमेकांसमोर उभे राहिले.