बरे होण्याची इच्छा

बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षे आजाराने जर्जर झालेल्या माणसाला, बरे होण्याची तुझी इच्छा आहे काय, असे प्रभू येशूने आधी विचारले, अशी नोंद संत योहानाच्या शुभवर्तमानात आहे. रोग्याला हे काय विचारायचे, असे आपल्याला वाटते. परंतु अन्न नाकारणाऱ्या रुग्णांचा इतिहास पाहिला म्हणजे या प्रश्नाचे मोल कळते.

१८७३ साली पॅरिसचे डॉक्टर शार्ल लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल यांनी या विकाराचे वर्णन केले. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांनी दिलेले. लासेग यांनी रुग्णाबरोबर तिच्या घरच्यांनाही न्याहाळले. मुलगी जेवत नाही म्हणून घरचे विनवण्या करतात, नाना पदार्थ रांधतात, मग धाक घालतात. आणि आग्रह वाढेल तसतशी भूक ओसरते. मुलगी मात्र आपल्याला काहीच झालेले नाही, असे सांगते. गल यांचा उपाय कडक होता: ठराविक वेळी अन्न द्यावे, रुग्णाची इच्छा विचारात घेऊच नये. त्यांचे काही रुग्ण बरे झाले, हे खरे. पण शरीर सावरले म्हणजे मन वळतेच असे नाही.

पुढे १९८३ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी मद्यासक्तांविषयी एक निबंध लिहिला. रुग्णाशी वाद घालू नये, बदलाची कारणे त्याच्याच तोंडून यावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९० नंतरच्या दशकात लंडनमध्ये डॉ. जॅनेट ट्रेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत आहारविकारांच्या उपचारात आणली. रुग्णांनी आपल्या आजारालाच दोन पत्रे लिहायची, एक मित्र समजून व दुसरे शत्रू समजून, असा त्यांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. आजार रुग्णाला आधारही वाटतो, हे त्या पत्रांतून उघड झाले.

तथापि केवळ संवादाने वजन वाढते, असे सिद्ध झालेले नाही. जीव धोक्यात असता इच्छा जागी होण्याची वाट पाहता येत नाही. तेव्हा इस्पितळच गाठावे लागते. किशोरवयीन मुलांसाठीच्या कुटुंबोपचारात तर जेवणाची जबाबदारी काही काळ आईवडिलांवरच सोपवतात. मात्र कोणालाही दोष न देता.

तळ्याकाठच्या त्या माणसाने ‘होय’ म्हटलेच नाही. त्याने आपली असहायता तेवढी सांगितली. प्रभूने ती ऐकून घेतली आणि त्याला उठवले. ताट दूर सारणाऱ्या लेकरासमोर बसलेल्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.