सैन्यातील रॅगिंग

सैन्यात किंवा सैनिकी प्रशिक्षणसंस्थेत जुन्यांनी नव्यांना ‘घडवण्या’च्या नावाखाली दिलेला शारीरिक वा मानसिक त्रास. पळवणे, लोळवणे, पाठीवर पिट्टू (सामानाची पिशवी) चढवून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे हा ‘रगडा’ प्रशिक्षणातच मोडतो. पण तो अधिकार असलेल्या उस्तादाने (प्रशिक्षकाने), ठरल्या वेळी, सर्वांच्या देखत द्यायचा असतो. रात्री दिवे मालवल्यावर वरच्या तुकडीतल्या कोणीतरी बराकीत उठवून कोंबडा करायला लावले, कपडे उतरवले, पट्ट्याने मारले, तर तो गुन्हा आहे. मारहाणीचा अधिकार उस्तादालाही नाही.

असोद्यातल्या (ता. जळगाव) आणि एकूणच खानदेशातल्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा या विषयाशी थेट संबंध येतो. निवड झालेला मुलगा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात, नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात किंवा अहिल्यानगरच्या रणगाडा केंद्रात जाऊ शकतो. बारावीनंतर परीक्षा देऊन निवडला गेलेला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जातो. शाळा-महाविद्यालयात असताना वर्दीची पहिली ओळख होते ती बहुधा एनसीसीत. जळगावला 18 महाराष्ट्र बटालियन आहे.

ऑगस्ट 2023 मध्ये ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या आवारातली चित्रफीत राज्यभर पाहिली गेली. पाऊस पडतो आहे, एनसीसीची मुले चिखलपाण्यात पुश-अपच्या स्थितीत आहेत आणि त्यांच्यातलाच एक वरिष्ठ कॅडेट काठीने त्यांना झोडतो आहे. मारणारा अधिकारी नव्हता, विद्यार्थीच होता. वर्षभर आधी आलेल्या मुलाच्या हाती काठी देऊन मोठी माणसे बाजूला झाली की जे होते, ते तिथे झाले. चित्रीकरण दुसऱ्या एका विद्यार्थ्याने केले म्हणून ते उघडकीस तरी आले. ऑक्टोबर 2025 मध्ये खडकवासल्यात एका तरुण कॅडेटचा मृत्यू झाला. वरिष्ठांनी छळ केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला आणि चौकशीचा आदेश निघाला.

महाविद्यालयांसाठी राज्याचा 1999 चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. त्यात 2 वर्षांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि दोषी विद्यार्थ्याला 5 वर्षे अन्यत्र प्रवेशबंदी अशी तरतूद आहे. तक्रार आल्यापासून 7 दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची. टाळाटाळ केली तर तोही गुन्ह्यास साहाय्य करणारा ठरतो. जळगावच्या डॉ. पायल तडवी यांचा मे 2019 मध्ये मुंबईत मृत्यू झाला, तेव्हा छळाचा आरोप असलेल्या वरिष्ठांवर हाच कायदा लावला गेला आणि खानदेशात त्याची चर्चा झाली.

सैन्याच्या बराकीत मात्र सेना अधिनियम, 1950 चालतो. त्याच्या कलम 47 नुसार हाताखालच्या माणसावर बळाचा वापर करणाऱ्या किंवा त्याला वाईट वागवणाऱ्या अधिकारी, जेसीओ (कनिष्ठ कमिशनप्राप्त अधिकारी) वा एनसीओला (बिगरकमिशन अधिकारी) कोर्ट मार्शलमध्ये 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यात दोन उणिवा दिसतात. साध्या शिपायाने नव्या शिपायाला छळले तर हे कलम लागत नाही. शिस्तभंगाच्या कलम 63 सारख्या अन्य कलमांचा आधार घ्यावा लागतो. शिवाय कनिष्ठाने वरिष्ठावर हात उचलला तर कलम 40 मध्ये 10 वर्षे, आणि वरिष्ठ कर्तव्यावर असेल तर 14 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे प्रमाण बदलायला हवे.

तक्रारीची वाट कलम 26 मध्ये दिली आहे. जवानाने आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे जायचे. तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. कागदावर ही वाट सरळ आहे, पण ती त्याच युनिटातून जाते जिथे तक्रारदाराला रात्री झोपायचे असते. 2022 पासून अग्निवीर म्हणून भरती होणाऱ्यांपैकी 4 वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्क्यांनाच कायम केले जाणार आहे. निवडीत वरिष्ठांचे मूल्यमापन मोजले जाते, त्यामुळे अग्निवीराला तोंड उघडणे आणखी जड जाते. म्हणूनच युनिटाबाहेरची स्वतंत्र तक्रारव्यवस्था गरजेची आहे.

परदेशातही हा रोग जुना आहे. सोव्हिएत सैन्यात जुन्या शिपायांची दादागिरी इतकी मुरली होती की 1989 मध्ये सैनिकांच्या आयांनी समिती स्थापन केली. कॅनडाची हवाई छत्रीदल रेजिमेंट सोमालियात तिच्या सैनिकांनी केलेल्या हत्येमुळे आधीच बदनाम होती. दीक्षाविधींच्या किळसवाण्या चित्रफिती बाहेर आल्यावर सरकारने 1995 मध्ये ती बरखास्तच केली.

प्रतिबंधाचे खरे काम रात्री होते. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने न सांगता बराकीत फेरी मारणे, नव्यांना जुन्यांपासून वेगळे झोपवणे, एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) आलेल्या प्रत्येक जखमेचे कारण डॉक्टरने एकांतात विचारणे, या तिन्हींना फारसा पैसा लागत नाही.

घरच्यांनी, मुलगा फोनवर एकाएकी कमी बोलू लागला किंवा सुटीवर आल्यावर अंगावरचे वळ लपवू लागला, तर ‘फौजेत असं चालायचंच’ म्हणून त्याला गप्प करू नये. काय घडले ते तारखेसह लिहून ठेवावे, वैद्यकीय नोंदीची प्रत मागावी, युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला स्पीड पोस्टने पत्र पाठवावे आणि जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन सांगावे.