मोटारीचा दुसरा जन्म

यंत्राचा इतिहास सांगताना कारखाना कोणी काढला, भांडवल कोणी घातले आणि पहिले यंत्र कोणत्या साली बाहेर पडले, एवढे सांगून थांबण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु यंत्राचे खरे आयुष्य कारखान्याच्या दाराबाहेर सुरू होते. ते आयुष्य कोणाच्या हातांनी वाढते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने तो श्रोत्यांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

ही मोटार म्हणजे आपल्या सर्वांच्या ओळखीची फियाट, अर्थात पुढली पद्मिनी. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि १९४७ साली तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी परदेशी भाग आणून जोडण्याचेच काम होते. १९५३ साली सरकारने असे धोरण ठरविले, की ज्यांना भाग येथेच बनवावयाचे नाहीत त्यांनी नुसत्या जोडणीचा धंदा करू नये. त्यामुळे १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली आणि प्रीमियर राहिली. इटलीतील फियाट कंपनीची ११०० ही गाडी कुर्ल्यात बनू लागली. तीच १९६४ साली ‘डिलाईट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, आणि ठेवण जवळजवळ तीच. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील तिची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली.

त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून हाती आलेली गाडी मोडीत काढणे कोणाला परवडत नसे. टंचाईनेच दुरुस्तीचा धंदा वाढविला, असे म्हटले तरी चालेल.

आता भोसरीकडे वळू. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाठोपाठ बजाज, टेल्को असे मोठे कारखाने ह्या परिसरात उभे राहिले. त्यांना लागणारे लहान भाग बनविणाऱ्या शेडची दाटी भोसरीत झाली. लेथ, पॉवर प्रेस, वेल्डिंग ही तेथली रोजची भाषा. मोठ्या कारखान्याला हजारो सारखे भाग हवे असतात. जुन्या गाडीला मात्र एकच भाग हवा असतो, आणि तोही बाजारात मिळत नसतो. हौशी मालक जुनी फियाट घेऊन अशा गावात येतो तो ह्याच कारणाने. पत्रा वाकविणारा हात आणि बुश कातणारा लेथ त्याला एकाच रस्त्यावर सापडतात.

गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि प्राणवायू ह्यांचा तो संसार आहे. त्यात मीठ पडले की तो झपाट्याने वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की तो सांधा फुगवून उकलतो. जीपला खाली वेगळी चौकट असते. फियाटला तशी नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालचा पोकळ पट्टा सडला, तर गाडीचा कणाच सडला म्हणावयाचे.

अशा गाडीवर दोन प्रकारचे काम होते. एक, गंजावर पुट्टी थापून वरून रंग मारणे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पहिल्या पावसाळ्यात मूठ उघडते. दुसरे, आधी दाराच्या चौकटीला आडवे आधार देऊन, निरोगी पत्रा लागेपर्यंत कुजका भाग कापून काढणे. मग तेवढाच तुकडा हातोडीने घडवावयाचा, आणि पत्रा तापून वाकू नये म्हणून अंतराअंतराने टाके घालीत तो जोडावयाचा. सांध्यात जस्ताचा प्रायमर, पोकळीत मेण किंवा तेल, आणि पाणी निघून जाण्याची भोके मोकळी. शेवटी दार पूर्वीसारखे लागते का, हे पाहावयाचे. ह्या कामाचे मोल रंगाखाली झाकले जाते. म्हणून तेच करणाऱ्याला दाम कमी मिळतो आणि रंगाच्या चकाकीला जास्त मिळतो.

गाडी सुधारण्याच्या हौसेलाही क्रम असावा. वेग वाढविण्याआधी थांबण्याची सोय पाहावी. चारी चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत मोठे इंजिन बसविणे हे धाडस नव्हे, अविचार होय. डायनामोऐवजी आल्टर्नेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढे डिस्क ब्रेक, पट्टे, ह्या सुधारणा शहाणपणाच्या. इंजिन बदलावयाचे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परिवहन कार्यालयाची संमती लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. पण त्यासाठी सांगाडा व इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. तेव्हा जुने राखावयाचे की नवे करावयाचे, हे कापाकापीच्या आधी ठरवावे.

आता मुख्य मुद्दा. कुर्ल्यातील कामगारांचा प्रोत्साहन वेतनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७५ चा तो निकाल कामगारांच्या बाजूने लागला नाही. तरीही त्या खटल्याच्या शीर्षकात बलाढ्य कंपनीच्या समोर एका कामगाराचे नाव कायमचे छापले गेले. ते संघटनेचे बळ होते. पण त्याच गाडीला दुसरा जन्म देणाऱ्या डेंटरचे नाव कोठे आहे? त्याच्या शेडमध्ये चार माणसे असतात. हजेरीपट नाही, फंड नाही, संघटना तर नाहीच. वाळूचा फवारा मारून गंज काढताना उडणाऱ्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे जगाला फार पूर्वीच कळले आहे. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी फवाऱ्यासाठी वाळू वापरण्यास मनाई केली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानेही सिलिकोसिसला सरकारला कळविण्याच्या रोगांत घातले. परंतु कायदा कारखान्यासाठी होता, आणि चार माणसांची शेड हा कायद्याच्या दृष्टीने कारखानाच नव्हे. पत्र्याचा गंज निघतो आणि माणसाच्या छातीत जाऊन बसतो, हा कोणता हिशेब?

आज चाकणच्या कारखान्यांत गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर थर चढवितात; त्यामुळे नव्या गाड्या सहजी गंजत नाहीत. चांगलेच आहे. परंतु म्हणूनच हातोडीने पत्रा घडविणाऱ्याचे शिष्य कमी होत जाणार, आणि लिहून न ठेवलेली विद्या त्याच्याबरोबर जाणार. ती टिकवावयाची असेल तर हौशी मालकांनी तीन गोष्टी कराव्यात. वाळूचा फवारा मारू देऊ नये, आणि घासकामाला चांगला मुखवटा व धूळ ओढणारा पंखा ह्यांचा खर्च बिलात आनंदाने द्यावा. कापलेल्या व जोडलेल्या प्रत्येक भागाची छायाचित्रांसह नोंद ठेवावी. आणि त्या नोंदीवर काम करणाऱ्याचे नाव लिहावे. कामगारांनीही, शेड लहान असली तरी, शेजारच्या शेडशी हात मिळवावा. चार माणसांची संघटना होत नाही, पण चाळीस शेडची होते. आणि ती झाली तर जुन्या मोटारीइतकीच तिच्या कारागिराचीही निगा राखली जाईल.