काळ्या दाण्याचे तेल

कलौंजी म्हणजे कारळे नव्हे. आपण चटणी करतो ती कारळ्याची, आणि कारळे सूर्यफुलाच्या गोतातले. काही दुकानदार कलौंजीला ‘कांद्याचं बी’ म्हणतात, पण कांद्याशीही तिचे नाते नाही. नानवर किंवा लोणच्याच्या मसाल्यात दिसणारे ते तिकोनी, काळेभोर दाणे म्हणजे कलौंजी. भावप्रकाशात जिऱ्याच्या तीन प्रकारांत तिची गणना आहे. तिथे तिचे नाव उपकुंचिका. आमच्याकडे अम्मी तिची पुरचुंडी लोकरीच्या कपड्यांत ठेवीत, कसर लागू नये म्हणून.

दाणा फार जुना. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेनचे थडगे सापडले, तिथल्या बियाण्यांत कलौंजीचीही नोंद आहे. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ ती डोकेदुखी, दातदुखी आणि जंतांवर सांगतो; फार प्यायल्यास जीव जातो असे म्हणतात, हेही लिहून ठेवतो. इब्न सीनाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथात ती ‘शूनीझ’ या नावाने येते.

पण मुसलमान घरांत तिचा मान आहे तो हदीसमुळे. मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर या काळ्या दाण्यात शिफा आहे, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन इमाम बुखारींच्या संग्रहात आहे. आज बाटल्यांच्या लेबलांवर ते सर्रास छापतात. मात्र जुन्या भाष्यकारांनी ते कसे वाचले, हे लेबलावर नसते. दहाव्या शतकातले अल्-खत्ताबी म्हणतात, शब्द सर्वव्यापी असले तरी अर्थ मर्यादित आहे. सर्व प्रकृतींच्या विकारांना पुरे पडेल असे सगळे गुण एका वनस्पतीत नसतात. अंदलुसियाचे काझी अबू बक्र इब्न अल्-अरबी तर मधाचा दाखला देतात: वैद्यांच्या मते ‘सर्व रोगांवरचे औषध’ हे बिरुद कलौंजीपेक्षा मधाला अधिक शोभते, तरीही काही आजाऱ्यांना मध बाधतोच. पंधराव्या शतकात इब्न हजर यांनी ही मते आपल्या भाष्यात नोंदवली. श्रद्धावान माणसेच होती ही सगळी.

विसाव्या शतकात कलौंजीला नवे बिरुद मिळाले, ‘अँटिऑक्सिडंट’. या शब्दाचा उगम दवाखान्यात नाही. तेल उघडे राहिले की खवट होते, कारण हवेतला ऑक्सिजन त्यातील स्निग्धाम्लांना लागतो. ही क्रिया रोखणारे पदार्थ चिमूटभरही पुरतात, हे १९२०च्या दशकात मुरू आणि द्युफ्रेस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले. मग १९५६ साली अमेरिकेत डेनम हारमन यांनी मांडले की आपल्या पेशींतही ऑक्सिजनमुळे मुक्त मूलके तयार होतात आणि त्यांच्या माऱ्याने म्हातारपण येते. १९६९मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना शरीरातच अशा मूलकांना निकामी करणारे विकर सापडले. १९८५ साली जर्मनीचे हेल्मुट सीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संज्ञा रूढ केली. मारा जास्त आणि बचाव कमी, असा तो बिघडलेला तोल.

कलौंजीत बचावाचा माल आहे, हे खरे. इजिप्तचे एल्-दखाखनी यांनी १९६३मध्ये तिच्या सुगंधी तेलातून थायमोक्विनोन वेगळे केले. परीक्षानळीत ते मुक्त मूलकांना आवरते, उंदरांमध्येही परिणाम दिसतो. माणसांवरचे प्रयोग मात्र लहान आणि थोड्या मुदतीचे आहेत. २०१० साली सौदी अरेबियातल्या ९४ मधुमेहींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज दोन ग्रॅम कलौंजी घेणाऱ्यांची रक्तशर्करा उतरली. पण त्यांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या!

हा ‘चालूच होत्या’ आमच्या मोहल्ल्यातल्या एका निवृत्त मास्तरांपर्यंत पोहोचला नव्हता. तेलाची बाटली आणली आणि गोळ्या कपाटात गेल्या. चार महिन्यांनी पायाचे एक बोट कापावे लागले. मास्तर चांगले शिकलेले, फारसीचे जाणकार. खत्ताबी त्यांना वाचता आले असते.

शिवाय अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके बरे, हेही खरे ठरलेले नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. १९९४मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या याच मूलकांच्या जोरावर, हे विसरून चालत नाही.

आणखी एक. कलौंजीच्या दाण्यात तेल वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा असते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक लिनोलिक आम्ल, म्हणजे लवकर खवट होणारे. थायमोक्विनोनही उजेडात टिकत नाही. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर हातगाडीवर हे तेल मिळते, पांढऱ्या काचेच्या बाटल्यांत, भर दुपारच्या उन्हात मांडलेले.