कॉट
सारख्या उच्चाराचे, पण भिन्न उगमांचे दोन इंग्रजी शब्द. पहिला जुन्या इंग्रजीतील असून त्याचा अर्थ झोपडी. ‘कॉटेज’ हा शब्द त्याच कुळातील. दुसरा ‘खाट’ या भारतीय शब्दावरून १७ व्या शतकात इंग्रजीत रूढ झाला. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात (१८८६) त्याची नोंद आढळते. जहाजांवर तो कॅनव्हासच्या टांगत्या बिछान्यास, इंग्लंडमध्ये बालकाच्या कठडेदार पलंगास, तर अमेरिकेत घडीच्या हलक्या खाटेस लावला गेला.

‘खाट’चे मूळ संस्कृत ‘खट्वा’. काही अभ्यासक त्याचा संबंध तमिळ ‘कट्टिल’शी जोडतात. पाणिनीने ‘खट्वारूढ’ हा निंदाव्यंजक समास दिला आहे. अध्ययन पुरे होण्यापूर्वी, गुरूच्या अनुज्ञेवाचून खाटेवर चढणारा, म्हणजेच उच्छृंखल मनुष्य, असे त्याचे स्पष्टीकरण टीकाकार करतात.

मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सुतळीने विणलेल्या हलक्या खाटेस बाज म्हणतात. इंग्रजीमार्गे परतलेली ‘कॉट’ मराठीत सामान्यतः लोखंडी किंवा लाकडी असते, आणि ती खाटेचीच वंशज आहे हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. रुग्ण कॉटवर झोपतो. शासकीय मराठीत रुग्णालयाची क्षमता मात्र खाटांतच सांगितली जाते.